सोडलेले दहा फूट

"पडीक हुती म्हणून नांगारली, वैनी!"

"पडीक न्हवती. सोडल्याली हुती."

"त्यात काय फरक?"

"तुमी खुर्चीवरनं पाणी प्यायला उठला, म्हंजी खुर्ची पडीक झाली व्हय? बसू मी?"

"खुर्चीचं काय काढताय मधीच! तीन वर्सं तितं नुस्तं गवत वाढतंय. तरवड काय, कुसळ काय. लोकं हसत्यात मला. म्हणत्यात, बिभीषण, तुझ्या भावाच्या रानात गाजरगवताचं पीक जोरात हाय."

"गाजरगवताची एक काडी दावा त्यात. दावा! फुलायच्या आदी हातानं उपटते मी."

"आता कुटनं दावू? नांगारलं की!"

"नांगारलं न्हवं? मंग गडीमाणसांची घरं मोडली माजी. त्याचं काय?"

"कोण गडीमाणसं?"

"गेल्या साली चिकटा पडला, तवा कामाला कोण आलतं? ढालकिडं. ती त्या तरवडावरच ऱ्हात्यात."

बिभीषणने खांद्यावरचा टॉवेल काढून हवेत फिरवला आणि समोर कुणीही नसताना अख्ख्या शिवाराला सांगितलं, "ऐका हो ऐका! वैनीनं किडं कामाला ठेवल्यात!"

"ठेवल्यात. चा मागत न्हाईत, तमाखू मागत न्हाईत, आन् लोकाच्या रानात ट्रॅक्टर घालत न्हाईत."

"मोजणी आणा मंग! सरकारी माणूस बोलवा!"

"मोजणी यायला साल लागंल. माजी तपासणी शनवारी हाय."

"मंग?"

"मंग काय. साक्षीला कोण हाय, ठाव हाय न्हवं?"

बिभीषणचा टॉवेल हवेतच थांबला. हळूहळू त्याच्या मिशीखाली हसू आलं. "आयला. मीच की."

"तुमीच."

"मंग वैनी, जरा ग्वाड बोला की माज्याशी!"

"ग्वाड बोलायला ऊस लावताय तुमी. मी ज्वारीवाली," असं म्हणून केराबाईने विळा कमरेला खोवला आणि ती वस्तीकडे वळली.

केराबाई माझी आत्या. मला ती पूने म्हणते. नातेपुत्यापासून पायी अर्ध्या तासावर तिची वस्ती आहे. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा भीमामामांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या वाट्याला तीन एकर आले आणि धाकट्या बिभीषणच्या वाट्याला लगतचे तीन. बिभीषणने कॅनॉलवरून पाइपलाइन आणली आणि ऊस धरला. आत्याकडे विहीर आहे, ती उन्हाळ्यात तळ दाखवते. म्हणून तिची ज्वारी, करडई, हरभरा, आणि विहिरीजवळ घरापुरती वांगी-मिरची. मामा नातेपुत्याच्या बाजारात धान्य तोलायच्या कामावर जातात. रान आत्याचं. भांडणंही आत्याचीच. मामांनी सख्ख्या भावाशी आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही.

मी जुळे सोलापूरहून आले होते ते कागद भरायला. आत्याच्या गटात बाराजण आहेत, नऊ बाया आणि तीन पुरुष, आणि अक्षर कुणाचंच धड नाही. बाहेरून साहेब येऊन तपासणी करेल अशी यांची रीत नाही. एकमेकांचं रान एकमेकांनी तपासायचं, शिवाय मैत्रीखातर कुणी डोळेझाक करू नये म्हणून दुसऱ्या गटातला एक माणूस बोलवायचा. मग कागद वर जातो. पहिली दोन वर्षं कागदावर लिहून येतं की हे रान बदलाच्या वाटेवर आहे. तिसऱ्या वर्षी एकच शब्द येतो: सेंद्रिय. आत्याचं हे तिसरं वर्ष होतं. आणि गटाने ठरवलं होतं की बियाणं पहिल्यांदा ज्याचं रान तिसरं वर्ष पार करेल त्याचंच घ्यायचं. म्हणजे शनिवारी सगळं नीट झालं तर पुढच्या पेऱ्याला बारा घरांत केराबाईची ज्वारी पेरली जाणार. नाही झालं, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून.

नीट व्हायला दोन गोष्टी लागत होत्या. एक म्हणजे औषधं मारणाऱ्या शेजाऱ्याच्या बाजूने दहा फुटांची पट्टी सोडलेली असणं. तिच्यात पीक घ्यायचं नाही, म्हणजे पलीकडचं फवारलेलं अलीकडे येत नाही. बांधाला बोटभर जमीन जास्त मिळावी म्हणून जिथे दोन-दोन पिढ्या बोलत नाहीत, तिथे आत्याने अख्खे दहा फूट सोडले, तेव्हा गावाला वाटलं बाई भ्रमिष्ट झाली. आणि त्या मंगळवारी सकाळी बिभीषणच्या ट्रॅक्टरने त्यातले आठ फूट उसाच्या दोन सऱ्यांत घेतले होते. सऱ्यांत खताचा पहिला डोसही पडला होता. पांढरे दाणे लांबून चमकत होते.

दुसरी गोष्ट होती साक्ष. आणि ती आत्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली होती.

गटाची पहिली बैठक शाळेच्या ओट्यावर झाली होती. गटाचे अध्यक्ष बाळासो म्हणाले होते, "प्रत्येकाच्या रानाला एक साक्षीदार पायजे. आपल्यातलाच कोणतरी."

"आपल्यातला कशाला?" आत्या बसल्या जागेवरून बोलली. "लगतचा शेजारी घ्या. आन् त्यातबी आपलं ज्येच्याशी पटत न्हाई त्यो."

"अगं, त्यो खरं सांगंल का?" एकीने विचारलं.

"जळणारा माणूस 'हिनं मारलं न्हाई' म्हणला, तर ते खरं. मैतरीण म्हणली, तर ती मैत्री."

टाळ्या पडल्या होत्या. नियम लिहिला गेला होता. आता त्याच नियमाने बिभीषण शनिवारी तिच्या रानात उभा राहणार होता, आणि तो फक्त एक शब्द बोलला, "मारलं", तर खेळ खलास.

पण या बाईचं मातीशी हे असं कसं जमलं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आत्याचा जन्म मेंढरामागचा. जन्मगाव विचारलं तर ती गाव सांगत नाही, घाट सांगते. आमचे आजोबा दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचे. पावसाळ्यात रानं रब्बीसाठी मोकळी असायची, तेव्हा शेतकरी निरोप धाडायचे, "औंदा आमच्या रानात मेंढरं बसवा." दोनशे मेंढरं रात्रभर एका जागी बसली की लेंडी आणि मूत तिथेच मुरतं, त्यासारखं खत नाही. मेंढरांभोवती वाघर लावतात, म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण. रोज सकाळी ती वाघर पुढे सरकवायची, म्हणजे रानाचा कुठलाच तुकडा उपाशी राहत नाही. हे सरकवायचं काम लहानग्या केराकडे.

"एक दिवस आळस आला मला," ती सांगते. "पाऊस झिमझिम लागलाता. म्या वाघर दोन पावलं जास्त पुढं वडली. मधी पट्टा सुटला. कोण बगतंय? बा झोपल्याला, आई चुलीपाशी. मंग फुडल्या साली त्याच रानावरनं चाललो आमी. ज्वारी ही अशी काळीभोर. आन् मधी एक पिवळा पट्टा, वाघरीच्या मापाचा. त्या शेतकऱ्यानं बाला बोट करून दावलं. बा मला कायबी बोलला न्हाई. नुस्ता हात धरून त्या पट्ट्यात नेऊन हुबी केली. मातीनं चुगली केली माजी, पूने! साल झालं तरी इसरली न्हवती ती."

मेंढरं बसवल्याबद्दल शेतकरी ज्वारी द्यायचे. आजी धान्य घ्यायची नाही, कणसं मागायची. गावोगावची कणसं समोर पसरून ती निवडायला बसायची आणि प्रत्येक गावातलं सगळ्यात भरलेलं एक बाजूला ठेवायची. हे एक-एक करून जमलेलं बियाणं तिने लेकीला सासरी जाताना दिलं, कडुलिंबाच्या पाल्यात आणि राखेत घालून. आत्याच्या ज्वारीला म्हणून एका गावाचं नाव नाही. तिच्यात वीस गावं आहेत.

आता कुणाला वाटेल, ही बाई जन्मापासून सेंद्रिय. छे! सासरी आल्यावर पंचवीस वर्षं तिने युरिया फेकला. पाठीला पंप लावून फवारलं. "मीबी मारलंय," ती चारचौघांत सांगते, "तोंडाला पदर बांधून मारलंय. दुसऱ्याला नावं ठेवायला मी काय आबाळातनं पडले न्हाई."

बदल झाला तो एका श्रावणात. आमचे येडूतात्या, म्हणजे तिचा पाठचा भाऊ, यांनी तिच्या रानात मेंढरं बसवली. हौसेने तिने स्वतः वाघर सरकवली. आणि मग रोज बघत राहिली. आठ दिवस झाले, लेंडी तशीच. महिना झाला, तशीच, वर सुकून खडखडीत. तिच्या लहानपणी पंधरवड्यात लेंडी दिसेनाशी व्हायची. शेणकिडे गोळे करून न्यायचे, गांडुळं खाली ओढायची. इथे एक शेणकिडा फिरकला नाही. तिने कुदळ मारली, हातभर खणलं. एक गांडूळ नाही.

"ताट वाढलं, पूने," ती मला म्हणाली होती, "पाच पक्वान्नांचं ताट वाढलं. आन् घरात जेवणाराच न्हाई. तवा कळलं, म्या काय केलं ते."

तिथून सुरुवात. पहिल्या वर्षी तिने नवख्या सुनेसारखा घोळ घातला. जास्त म्हणजे चांगलं असं समजून एकाच तुकड्यात अकरा रात्री मेंढरं बसवली. ज्वारी डोक्याच्या वर गेली, माजली, आणि पोटऱ्यात येताच, कणीस बाहेर पडायच्या आधीच, सगळी आडवी लोळली. बिभीषण बांधावर उभा राहून म्हणाला होता, "वैनी, ज्वारी झोपली. पांघरूण घालू का?" तिने ते ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी तीनच रात्री बसवली.

आणि त्या दुसऱ्या वर्षी चिकटा आला. मावा पडतो, पानं तेल लावल्यासारखी चिकट चमकतात आणि दाणा भरत नाही. तेव्हा बिभीषणचीही एकरभर ज्वारी होती. त्याने पंप भरला, मारला, आणि उरलेला पंप पाठीवर घेऊन आत्याच्या बांधावर आला. भांडायला नाही, मनापासून.

"वैनी, अर्धा पंप उरलाय. मारून टाकतो. वाया जायाचं न्हाईतर."

"नगं."

"आवं कुणाला कळणार हाय?"

"तुमाला कळलंच की आत्ता," आत्या म्हणाली.

बिभीषणची ज्वारी दोन दिवसांत निवळली. आत्याची बारा दिवसांत. अकराव्या दिवसापर्यंत गाव हसत होतं. सोडलेल्या पट्टीतल्या तरवडावरून लाल-काळे ढालकिडे आले, त्यांची पिलावळ पानापानावर चढली आणि मावा फस्त करत गेली. चार आणे पीक गेलं, तेही ती लपवत नाही. बारा आणे तिने हसतमुखाने घरी आणलं.

तर, मंगळवारी दुपारी येडूतात्या मोटरसायकल उडवत आले. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"सांग फकस्त, आक्का. मेंढरं कोकणात हायती, पर शेरडं हायती घरी. घालतो त्याच्या उसात."

"ऊस लागलाय कुटं अजून? सऱ्या खातील व्हय तुजी शेरडं?"

"मंग लागल्यावर घालतो."

"तोवर तपासणी हुईल माजी. बस. भाकरी खा."

मग बाळासोंचा फोन. आत्याने तो स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात पिठात होते. "केराबाई, आयका. ह्या खेपेला साक्ष वरल्या बाजूची घिऊ. शिवूची. त्योबी लगतचाच हाय, नियमात बसतंय. आन् शिवू चांगला माणूस हाय."

"म्हणून तर नगं."

"आवं, बिभीषण आत्ता तापल्याला हाय! एक शब्द वाकडा बोलला तर तीन वर्सं पाण्यात. आन् बियाणाचं काय करायचं? बारा घरं थांबल्यात तुमच्या कणसावर!"

"बाळासो, दोन सालं त्येची साक्ष चालली. तवा त्यो माज्यावर हसत हुता. आता भांडान झालं, म्हणून साक्षीदार बदलला तर कणसं चांगली व्हत्याल, पर नियम किडका हुईल. ठिवते. भाकरी करपाय लागली."

संध्याकाळी मामा आले. सायकल भिंतीला लावली, सगळं ऐकलं, बराच वेळ पाय चोळत बसले आणि म्हणाले, "मी बोलू का त्याच्याशी?"

आत्याने त्यांच्याकडे मायेने बघितलं. "इतक्या वर्सांत न्हाई बोलला. आता येकदम कशाला? भियाचा त्यो."

शुक्रवारी सकाळी ती मला रानात घेऊन गेली. खुंट्या, सुतळी आणि जुन्या धोतराच्या पांढऱ्या चिंध्या. नव्या सरीच्या कडेपासून तिने टेप धरला. पट्टीचे दोनच फूट उरले होते. राहिलेले आठ तिने आपल्याच उभ्या ज्वारीत मोजले. सहा काकऱ्या, म्हणजे पेरणीच्या सहा ओळी. कणसं दाण्यांनी वाकली होती, हुरडा सरून दाणा टणक होत आला होता.

"आत्या, अगं ज्वारी भरून झाल्यावर नांगरलंय त्यांनी," मी म्हणाले. "या पिकाला काय झालंय? काहीच लागलेलं नाही त्याला."

"गेल्या साली मी अक्कलकोटाकडं गेलते. सुंदरम्माच्या रानात. टेप धरला तर साडेनऊ फूट भरलं. ती म्हणली, अक्का, अर्ध्या फुटानं काय हुतंय? म्या म्हणलं, अर्धा फूट आत या. तिनं मिरचीची ओळ सोडली माज्या म्हणण्यावर. उद्या तीच येतीया तपासायला. आता तिला काय सांगू? माजा दीर ट्रॅक्टरवाला हाय म्हणून आठ फूट सोडून द्या?"

आम्ही सुतळी ताणली. सहा काकऱ्यांच्या ताटांना चिंध्या बांधत गेलो. ही ज्वारी वेगळी काढायची, वेगळी मळायची, आणि सेंद्रिय म्हणून कुणाला द्यायची नाही. मधूनच आत्या थांबली. एका कणसाला लाल दोरा होता. बियाण्यासाठी निवडलेली कणसं ती लाल दोऱ्याने खुणावते. आणि सगळ्यात चांगली कणसं नेमकी या कडेला होती, कारण ढालकिडे इथूनच आत शिरायचे, पट्टीतला पालापाचोळा इथेच कुजायचा.

तिने दोऱ्याची गाठ सोडली. पुढच्या कणसाची सोडली. मी मोजत होते. सोळा. प्रत्येक दोरा ती बोटाला गुंडाळत गेली. शेवटच्या कणसावरून तिने एकदाच हात फिरवला, पाठ थोपटावी तसा, आणि म्हणाली, "चल. आतल्यातबी हायती की चांगली. वीस गावाचं बियाणं हाय, सोळा कणसानं आटत न्हाई."

शनिवारी सुंदरम्मा आली. आदल्या दिवशी निघून, सोलापुरात बहिणीकडे मुक्काम करून, दोन एसट्या बदलून. ठसठशीत बाई, इरकल लुगडं, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. उतरल्या उतरल्या म्हणाली, "अक्का, टेप माझा. तुझा नको."

"तुजाच घे. माजा बोटभर जास्त दावतोय," आत्या म्हणाली, आणि दोघी खदखदून हसल्या.

पण काम सुरू झालं तशी सुंदरम्मा हसायची थांबली. तिने विहिरीजवळची खोली उघडून कोपऱ्या-कोपऱ्यांत नाक घातलं. पंपाचं झाकण काढून वास घेतला. धान्याच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तळातून कडुलिंबाचा पाला वर काढला आणि गोळी-पावडर काही सापडते का ते बघितलं. मग रानात बसकण मारली. तांब्याभर पाणी मातीवर ओतलं आणि ते मुरेपर्यंत तोंडाने आकडे म्हणत राहिली, कन्नडात. दहाच्या आत सगळं पाणी मुरलं. तिने हाताने उकरलं. दोन गांडुळं वळवळली.

"हौदु, बरोबर," ती स्वतःशीच म्हणाली. मग चष्म्यावरून बघत, "आता तोंडी. तिसऱ्या वर्षाला विचारावंच लागतं. सेंद्रिय म्हणजे काय, अक्का?"

भोवती गटाचे अकराजण उभे होते. येडूतात्या होते. मामांनी त्या दिवशी रजा काढली होती. आत्याने पदर सारखा केला.

"औषध न मारणं म्हंजी सेंद्रिय असंल, तर माळावरचं कुसळबी सेंद्रिय. त्येला कुणी कवा मारलंय? काय मारलं न्हाई हे अर्धं झालं. मातीला काय दिलं, हे फुडलं अर्धं. पिकाला आपण वाढायचं न्हाई. मातीला वाढायचं, पिकाला ती वाढती. तिच्या घरात जेवणारी माणसं पायजेत, किडं-मुंग्या, गांडुळं. त्येंना ऱ्हायला जागा सोडायची. जे आपल्याला ठाव न्हाई ते तिच्या तोंडात घालायचं न्हाई, आन् जे आपल्या लेकराच्या ताटात नगं ते दुसऱ्याच्या ताटात धाडायचं न्हाई. एवढंच की. मी काय भाशान करू?"

"केलंस की," सुंदरम्मा म्हणाली, आणि मला हाताने खूण केली, लिही.

मग टेप. सरीच्या कडेपासून सुतळीपर्यंत. सगळे वाकून बघत होते. दहा फूट तीन इंच. सुंदरम्माने चिंध्या बघितल्या, ताज्या सऱ्या बघितल्या, दोन फुटांवर तुटलेलं गवत बघितलं.

"अय्यो. हे पीक का सोडलं?"

"जागा कमी पडली," आत्या म्हणाली. कुणामुळे, ते बोलली नाही. येडूतात्यांनी तोंड उघडलं. आत्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी तोंड मिटलं.

"साक्षीदार?" सुंदरम्माने विचारलं.

बोलवायला जावं लागलंच नाही. बिभीषण आधीच सरीच्या टोकाला उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. चेहऱ्यावरून दिसत होतं की तो भांडणाची पुरी तयारी करून आला आहे. बारा जणांत वहिनी आपल्याला चोर म्हणणार, मग आपण काय म्हणायचं, हे सगळं त्याने पाठ केलं असावं. पण कुणी काहीच म्हणालं नाही. बाळासोंनी कागद वर धरला आणि खाकरले.

"बिभीषण, ह्या रानात ह्या तीन सालांत रासायनिक खत, औषध, न्हाईतर तणनाशक मारताना तुमी बगितलं का?"

बिभीषण उत्तर द्यायच्या ऐवजी ज्वारीकडे बघत होता.

"ह्या चिंध्या कशाच्या?"

"तुमच्याकडच्या सहा काकऱ्या हायती त्या," आत्या म्हणाली. "सेंद्रियात धरल्या न्हाईत."

"पर ही ज्वारी तर... वैनी, बियाणाचं दोरं तर हितंच बांधलंतं तुमी. म्या बगितलंतं."

"सोडलं. साक्ष द्या, भावजी. सुंदरम्माला परत गाडी गाठायची हाय."

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. मामा आपल्या चपलेकडे बघत होते. बिभीषणने टॉवेल खांद्यावरून काढला, घडी केली, परत खांद्यावर टाकला.

"न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई? नीट सांगा," बाळासो म्हणाले.

"न्हाई मारलं! कानात बोळं हायती का तुमच्या?" त्याचा आवाज एकदम चढला. "गेल्या साली चिकटा पडल्याला. अर्धा पंप उरलाता माजा. म्या सोताहून आलतो. म्हणलं, मारतो, कुणाला कळणार हाय? हिनं मारू दिला न्हाई. बारा दिस ह्या बांधाला हुबी ऱ्हाऊन किडं बगत बसायची. लोकं हसत हुती. मी सगळ्यात म्होरं. लिव, पोरी. न्हाई मारलं. कवाच न्हाई. लिवलंस का?"

"लिहिलं," मी म्हणाले.

त्याने माझ्या हातातून पेन घेतलं आणि कागद फाटेल एवढ्या जोराने सही केली. सुंदरम्माने खाली आपली सही केली, ठसा उमटवावा तशी सावकाश. मग कागद वाचून बघितला आणि आत्याकडे वळली. "मला अर्धा फूट आत घेतलंस. स्वतः आठ फूट गेलीस. तुझं बियाणं मला पण पाहिजे, अक्का. अक्कलकोटला."

"तेरावं घर," बाळासो म्हणाले, आणि तेव्हा कुठे सगळ्यांचे श्वास सुटले. येडूतात्यांनी शिट्टी मारली, मेंढरांना मारतात तशी. मामांनी डोळे पुसले आणि धूळ गेल्याचं सांगितलं.

आत्या मात्र खाली वाकून सुतळी गुंडाळत होती. सगळ्या खुंट्या तिने उपटून काखेत घेतल्या. एक राहिली होती, जाडसर, बाभळीची. ती तिने बिभीषणपुढे धरली.

"भावजी, ही हद्दीची. पयली तितं हुती, त्या तरवडाच्या बुंध्यापाशी. आता कुटं ठोकू? हितं, का तितं? तुमी म्हणाल तितं ठोकते. आज बाराजण हायती. त्येंच्या म्होरं सांगा."

बिभीषणने खुंटी हातात घेतली. ती उलटीपालटी करून बघितली. एकदा वहिनीकडे बघितलं, एकदा चिंध्यांकडे. मग वळला आणि इस्त्रीच्या शर्टात, आपल्याच नव्या सऱ्या तुडवत, तरवडाच्या बुंध्याकडे चालत गेला.